स्थापनेचे साल कोणते? एका स्थानिक फुटबॉल क्लबच्या विकिपीडिया लेखाचे प्रकरण

खालच्या विभागात खेळणारा एक हौशी फुटबॉल क्लब. विकिपीडियावर त्याचा लेख आहे आणि त्या लेखात तीन आठवडे ओढाताण चालू आहे. एका बाजूला क्लबच्याच नावाने उघडलेले सदस्यखाते, दुसऱ्या बाजूला दोन जुने संपादक. वादाचे मूळ माहितीचौकटीतले (लेखाच्या कडेला ठळक माहिती देणाऱ्या चौकटीतले) एक साल. क्लब स्थापनेचे जे वर्ष सांगतो, त्यानंतर चार वर्षांनी क्लबची नोंदणी झाल्याचे कागद सांगतात. क्लबचे खाते आपले साल घालते, जुने संपादक ते उलटवून (म्हणजे तो बदल रद्द करून) नोंदणीचे साल घालतात, आणि पुन्हा तेच. दरम्यान लेखाच्या माथ्यावर तीन सूचना चढल्या आहेत: उल्लेखनीयतेबद्दल (स्वतंत्र लेख असावा इतके स्रोत या विषयावर आहेत का याबद्दल) शंका, जाहिरातवजा मजकूर, अपुरे संदर्भ. आता लेख वगळण्याची चर्चाही सुरू झाली आहे.

हे कुठल्या एका क्लबचे वृत्त नाही. स्थानिक क्लबांच्या लेखांत वारंवार येणाऱ्या अडचणी एकत्र आणून हे प्रकरण रचले आहे, म्हणून क्लबला नाव दिलेले नाही. नियम, मुदती आणि साधने मात्र खरी आहेत. ती इंग्रजी विकिपीडियाची आहेत; प्रत्येक भाषेची आवृत्ती आपले नियम स्वतः ठरवते, तेव्हा दुसरीकडे काम करताना तिथल्या चावडीवर (संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) विचारून घ्यावे.

या प्रकरणाकडे पाहताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. जुनी पत्रके, स्पर्धांच्या पुस्तिका, कात्रणांच्या वह्या क्लबच्या माणसांकडेच असतात. त्यांना फक्त उलटवत राहिले तर ती माणसे निघून जातात आणि लेख कायमचा अर्धवट राहतो. त्यांना हवे ते लिहू दिले तर लेखाचे माहितीपत्रक होते. यांच्यामधली वाट काढणे हेच इथले खरे काम आहे, आणि ती वाट नियमांतच आहे.

काहीही न बदलता वाचन

अशा लेखावर पोहोचल्यावर पहिला तास संपादनाचे बटण दाबू नये. ‘इतिहास’, म्हणजे लेखातल्या आजवरच्या सर्व बदलांची नोंद, उघडावा आणि सर्वांत जुन्या आवृत्तीपासून पुढे वाचत यावे. बहुतेक जण अलीकडचे बदल पाहून मत बनवतात. पण कोणते वाक्य कधी आणि कोणी घातले हे कळल्याशिवाय ते वाक्य काय लायकीचे आहे ते कळत नाही. इतिहास लांबलचक असेल तर विकिब्लेम हे साधन वापरावे. वाक्यातला एखादा तुकडा दिला की तो पहिल्यांदा कोणत्या संपादनात आला ते ते शोधून देते.

या लेखाचा इतिहास असा उलगडतो. कोणा चाहत्याने चार ओळींचा लेख सुरू केला. त्यात स्थापनेचे साल होते, संदर्भ नव्हता. पुढच्या वर्षी एका नव्या खात्याने एकाच संपादनात ‘गौरवशाली वाटचाल’ नावाचा मोठा विभाग आणला. मग अनामिकांनी खेळाडूंच्या याद्या भरल्या आणि अर्धवट सोडल्या. शेवटी क्लबच्या नावाचे खाते आले आणि सालावरून ओढाताण सुरू झाली.

चर्चा पान रिकामे आहे. हे सर्वांत बोलके लक्षण. दोन्ही बाजूंनी जे काही बोलणे झाले ते संपादन सारांशांत (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपांत), तेही ‘चुकीची माहिती काढली’ आणि ‘संदर्भ नाही’ एवढेच. नव्या माणसाला संपादन सारांश कुठे दिसतो हेसुद्धा ठाऊक नसते. त्याला इतकेच दिसते की आपण लिहिलेले कोणीतरी पुसले.

आधी प्रताधिकार

सालाचा वाद नंतर पाहिला तरी चालतो, नक्कल मात्र लगेच पाहावी लागते. एका फटक्यात आलेला मोठा, गुळगुळीत, विशेषणांनी भरलेला विभाग दिसला की तो कुठून तरी उचललेला आहे असे धरून तपासावे. इयरविगचा कॉपीव्हायो डिटेक्टर लेखाची तुलना जालावरच्या पानांशी करून जुळणारा मजकूर शेजारी शेजारी दाखवतो. टक्केवारी मोठी आली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. विकिपीडियाचा मजकूर उचलणारी संकेतस्थळे असंख्य आहेत आणि जुळणी उलट्या दिशेची असू शकते. दिशा ठरवायला वेबॅक मशीनवर (जालावरच्या पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहावर) त्या पानाची सर्वांत जुनी साठवलेली प्रत काढावी आणि तिची तारीख लेखातल्या संपादनाच्या तारखेशी ताडून पाहावी. इथे क्लबच्या संकेतस्थळाची प्रत आधीची निघाली. म्हणजे नक्कल तिथून इकडे झाली.

यावर क्लबचे उत्तर ठरलेले असते: ‘मजकूर आमचाच आहे, आम्हीच लिहिला आहे.’ ते खरेही असेल. पण विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० या परवान्याखाली असतो. त्यानुसार श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कोणीही तो वापरू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. क्लबने तशी जाहीर परवानगी दिलेली नाही, आणि पडद्याआडच्या खात्यामागे खरोखर क्लबच आहे याची खातरी कोणालाच नाही. परवानगी द्यायचे दोन मार्ग आहेत. संकेतस्थळाच्या त्या पानावर परवान्याची स्पष्ट ओळ लिहावी, किंवा क्लबच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) स्वयंसेवक उत्तर पथकाला परवानगीचे पत्र पाठवावे.

आमचा सल्ला मात्र या दोन्ही वाटा सोडून देण्याचा आहे. परवानगी मिळाली तरी ‘जिद्द आणि चिकाटीच्या बळावर क्लबने यशाची शिखरे सर केली’ हे वाक्य ज्ञानकोशात राहू शकत नाही. इतके कष्ट घेऊन जो मजकूर मिळतो तो शेवटी पुन्हा लिहावाच लागतो. त्यापेक्षा विभाग काढावा, सारांशात मूळ पानाचा दुवा देऊन ‘प्रताधिकारित मजकूर काढला’ असे नोंदवावे, आणि इतिहासातल्या त्या आवृत्त्या लपवण्याची विनंती प्रचालकांकडे (जादा अधिकार असलेल्या संपादकांकडे) करावी. संपूर्ण लेखच नक्कल असता आणि मागे परतायला एकही स्वच्छ आवृत्ती नसती, तर तो तत्काळ वगळण्याच्या निकषात बसला असता. इथे चार ओळींचे मूळ शिल्लक आहे, त्यामुळे लेख वाचतो.

काढलेल्या विभागातली तथ्ये गेली असे मात्र समजू नये. कोणत्या वर्षी कोणता चषक जिंकला यावर प्रताधिकार नसतो, तो शब्दरचनेवर असतो. तथ्ये टिपून घ्यावीत, त्यांना स्वतंत्र स्रोत शोधावेत आणि आपल्या शब्दांत लिहावे. वाक्यांचा क्रम तोच ठेवून शब्द तेवढे फिरवले तर ती नक्कलच राहते. मूळ पान बंद करून टिपणांवरून धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

क्लबच्या नावाचे खाते

हे खाते दोन कारणांनी अडते. संस्थेच्या नावाचे सदस्यनाम चालत नाही, आणि एक खाते अनेकांनी वापरणेही चालत नाही; खात्यामागे एकच माणूस असावा लागतो. अशा खात्यावर बंदी येते तेव्हा क्लबला वाटते की आपल्यालाच हाकलले. खरे तर नाव बदलून घेण्याचा मार्ग खुला असतो. व्यक्तीचे वेगळे नाव आणि सोबत क्लबचा उल्लेख असे सदस्यनाम चालते. हे त्या खात्याच्या चर्चा पानावर कोणीतरी नीट दोन ओळींत सांगावे लागते. साच्याची (आधीच तयार ठेवलेल्या मजकुराची) ठोकळेबाज सूचना चिकटवून पुढे जाणारे संपादक इथे फार नुकसान करतात.

नवे नाव घेतल्यावर प्रश्न येतो हितसंबंधांचा. क्लबकडून पगार किंवा मानधन घेणारी व्यक्ती, म्हणजे समाजमाध्यमे सांभाळणारा कर्मचारीही, क्लबच्या लेखात योगदान देत असेल तर नियोक्ता, ग्राहक आणि संबंध उघड करणे विकिमीडियाच्या वापरअटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. विनामोबदला काम करणाऱ्या सचिवाला ही अट लागू होत नाही, पण हितसंबंधांची मार्गदर्शक तत्त्वे त्यालाही तेच सुचवतात: संबंध सांगा, आणि लेखात थेट हात न घालता चर्चा पानावर विनंती करा. शुद्धलेखनाची चूक, उघड उत्पात, किंवा हयात व्यक्तीविषयीचा बिनबुडाचा आरोप थेट काढायला हरकत नसते.

विनंती कशी असावी यावर सगळे अवलंबून असते. क्लबकडून आलेली पहिली विनंती अशी: ‘लेखातील बरीच माहिती चुकीची व जुनी आहे. कृपया आमच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावी.’ हिच्यावर कोणताही स्वयंसेवक काम करू शकत नाही. काय चुकले, त्याजागी काय हवे, कशावरून, यांतले काहीच त्यात नाही. समजावून सांगितल्यानंतर आलेली दुसरी विनंती अशी: ‘“मैदान” विभागातले “क्लब आपले घरचे सामने दोन मैदानांवर खेळतो” हे वाक्य बदलून “क्लब आपले घरचे सामने नगरपालिकेच्या मैदानावर खेळतो” असे करावे. संदर्भ: स्थानिक दैनिक, अमुक तारीख, पान ७. मी क्लबचा विनामोबदला सचिव आहे.’ ही दोन मिनिटांत तपासून लेखात घेता येते. दहा बदल हवे असतील तर दहा वेगवेगळ्या विनंत्या द्याव्यात. एकाच गठ्ठ्यातले एक वाक्य वादग्रस्त निघाले तर उरलेली नऊ त्याच्यासोबत अडकतात.

वगळण्याची चर्चा

वगळण्याच्या दोन प्रक्रियांची लोक गल्लत करतात. साध्या प्रस्तावाची मुदत ७ दिवस असते आणि लेखावर लावलेला त्याचा साचा कोणीही काढू शकतो. काढला की प्रस्ताव संपला. चर्चेद्वारे वगळणे वेगळे. तीही सामान्यतः ७ दिवस चालते, पण तिची सूचना चर्चा पूर्ण होईपर्यंत काढायची नसते. क्लबच्या खात्याने ती दोनदा काढली. काढल्याने चर्चा थांबली नाही, फक्त खात्याची पत गेली.

त्याहून मोठी चूक पुढची. क्लबने आपल्या चाहत्यांना ‘लेख वाचवा, मत द्या’ असे आवाहन केले आणि आदल्या दिवशी उघडलेली खाती चर्चेत उतरली. ही मतमोजणी नसते. चर्चा बंद करणारा प्रचालक युक्तिवाद आणि स्रोत पाहतो. नव्या खात्यांच्या मतांपुढे तशी खूण केली जाते आणि त्यांचे वजन जवळजवळ शून्य होते. क्लबवर शहरभर प्रेम आहे, हजार लोक सामन्याला येतात, हे खरे असूनही चर्चेत निरुपयोगी आहे.

उपयोगी असते ती स्रोतांची यादी, आणि तीही लहान. वीस दुव्यांपेक्षा तीन चांगले स्रोत जड भरतात. प्रत्येक स्रोताला चार प्रश्न विचारावेत. तो क्लबपासून स्वतंत्र आहे का? विश्वसनीय आहे का? क्लबविषयी भरीव मजकूर देतो का? घटनेकडे बाहेरून पाहणारा दुय्यम स्रोत आहे का? सामन्याचा निकाल सांगणारी पाच ओळींची बातमी स्वतंत्र असते पण भरीव नसते. लीगचे संकेतस्थळ अचूक असते, पण क्लब ज्या लीगचा सदस्य तिला स्वतंत्र म्हणता येत नाही. क्लबच्या अध्यक्षाची मुलाखत बहुतांशी क्लबचेच बोलणे असते. या क्लबच्या बाबतीत टिकले ते असे: प्रादेशिक फुटबॉलच्या इतिहासावरील पुस्तकातली काही पाने, मैदानाच्या भाडेपट्ट्याच्या वादावर एका दैनिकाने केलेले सविस्तर वार्तांकन, आणि दुसऱ्या दैनिकातला क्लबच्या कारभारावरचा लेख. यातला भाडेपट्ट्याचा वाद क्लबला लेखात नको होता. पण तोच सर्वांत भक्कम स्वतंत्र स्रोत होता आणि त्याच्याच आधारावर लेख टिकला. नको असलेल्या प्रकरणाची दोन संयत वाक्ये हा भरवशाच्या लेखाचा भाग असतो, हे क्लबला समजावण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

या चर्चांत एक चूक अनुभवी लोकही करतात: क्लबला संस्था व कंपन्यांसाठीचे कडक निकष लावतात. त्या मार्गदर्शक तत्त्वांच्या कक्षेतून क्रीडासंघ स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यांना सर्वसाधारण उल्लेखनीयतेचा निकष लागतो. उलट बाजूने, राष्ट्रीय चषकात खेळल्याने क्लब आपोआप उल्लेखनीय ठरतो हा युक्तिवादही चालत नाही. क्रीडाविषयक तत्त्वांत संघांसाठी तसा वेगळा निकष नाही.

स्रोत पुरेसे निघाले नसते तर लेख लीगच्या किंवा शहराच्या लेखाकडे पुनर्निर्देशित करणे हा प्रामाणिक तोडगा ठरला असता. त्यात इतिहास शाबूत राहतो आणि पुढे स्रोत मिळाले की लेख परत उभा करता येतो.

सालाचा गुंता

आता मूळ वाद. क्लबचा पुरावा दोन गोष्टींचा: स्वतःचे संकेतस्थळ आणि एका दैनिकातला वर्धापनदिनाचा लेख. दुसऱ्या बाजूचा पुरावा नोंदणीचा.

दैनिकातला लेख पहिल्या नजरेत निर्णायक वाटतो. स्वतंत्र, छापील, साल स्पष्ट. पण इतिहास वाचताना टिपलेली तारीख इथे कामाला येते. विकिपीडियावर ते साल बिनसंदर्भ आले ते आधी, दैनिकाचा लेख छापून आला तो नंतर. आणि दैनिकातली दोन वाक्ये विकिपीडियावरच्या तेव्हाच्या मजकुराशी शब्दशः जुळतात. म्हणजे वार्ताहराने साल विकिपीडियावरून घेतले आणि आता विकिपीडिया त्याच वार्ताहराचा हवाला देत आहे. असे वर्तुळ तयार झाले की त्यात पुरावा शून्य असतो, मग संदर्भ कितीही दिसोत. तारखांचा क्रम आणि शब्दांची जुळणी दोन्ही पाहावे. नुसता क्रम पुरेसा नाही, कारण वार्ताहराने क्लबकडे स्वतंत्रपणे विचारलेले असू शकते.

आता दुसरी बाजू. नोंदणीचा कागद अस्सल आहे, पण तो सांगतो ते इतकेच: अमुक दिवशी संस्थेची नोंद झाली. त्यावरून ‘क्लबची स्थापना त्या वर्षी झाली’ असे लिहिणे हा संपादकाचा स्वतःचा निष्कर्ष झाला. प्राथमिक, म्हणजे घटनेशी थेट जोडलेल्या, स्रोतावरून असा अर्थ काढणे म्हणजे मूळ संशोधन, आणि ते इथे वर्ज्य आहे. हौशी क्लब वर्षानुवर्षे नोंदणीविना खेळतात हे क्रीडा-इतिहास थोडाफार चाळणाऱ्यालाही माहीत असते. जुन्या संपादकांना नियम ठाऊक होते, पण नेमका हाच नियम त्यांच्याकडून मोडला गेला. हे चर्चा पानावर स्पष्टपणे लिहिले गेले तेव्हा वादाची धार पहिल्यांदा कमी झाली.

मार्ग निघाला तो स्पर्धेच्या जुन्या पुस्तिकेतून. क्लबच्या सचिवाने ती सुचवली आणि सार्वजनिक ग्रंथालयात तिची प्रत होती, म्हणजे कोणीही जाऊन पडताळू शकते. स्रोत जालावर असण्याची अट नाही. पुस्तिकेचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक दिला की संदर्भ पूर्ण होतो. त्या पुस्तिकेत सहभागी संघांच्या यादीत हा क्लब दिसतो, आणि पुस्तिकेचे वर्ष क्लबच्या सालानंतर दोन आणि नोंदणीच्या आधी दोन असे बरोबर मध्ये येते. म्हणजे नोंदणीच्या वर्षी क्लब जन्मला हे निश्चितपणे चूक. क्लबचे साल मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही.

पुस्तिकेत आणखी एक खोच आहे. तिथे क्लबचे नाव थोडे वेगळे आहे. आजच्या नावातला एक शब्द नाही. तोच क्लब की त्याच भागातला दुसरा? हे संपादकाने अंदाजाने ठरवू नये. प्रादेशिक फुटबॉलवरच्या पुस्तकात ‘हा संघ पुढे आजच्या नावाने ओळखला जाऊ लागला’ अशी नोंद मिळाली म्हणून दुवा जुळला. ती नसती तर पुस्तिकेचा उल्लेख लेखात घेता आला नसता.

लेखात शेवटी मजकूर असा ठरला: ‘क्लबच्या संकेतस्थळानुसार त्याची स्थापना अमुक साली झाली. क्लबचा उपलब्ध सर्वांत जुना छापील उल्लेख त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या स्पर्धेच्या पुस्तिकेत सापडतो. संस्था म्हणून त्याची नोंदणी आणखी दोन वर्षांनी झाली.’ तीन वाक्ये, तीन संदर्भ, आणि कोण काय म्हणतो ते स्वच्छ. यातल्या ‘उपलब्ध सर्वांत जुना’ या शब्दांवर आक्षेप आला आणि तो रास्त होता, कारण सर्वांत जुना असल्याचे कोणत्याही स्रोतात म्हटलेले नाही. वाक्य ‘क्लबचा उल्लेख त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत आहे’ एवढ्यावर आणले.

माहितीचौकटीतली सालाची ओळ रिकामी ठेवली. यावर क्लब नाराज झाला, पण हा निर्णय आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. चौकटीत एकच आकडा मावतो; जिथे एका आकड्याने वाचकाची दिशाभूल होते तिथे आकडा नसणेच बरे. वाचकाला साल हवे असेल तर तो पहिल्या विभागात तीन वाक्ये वाचतो.

एवढे करूनही जुने साल इतर भाषांतल्या लेखांत तसेच दिसत होते. त्यांतले काही लेख चौकट विकिडाटावरून (सर्व भाषांच्या लेखांना माहिती पुरवणाऱ्या सामायिक कोठारावरून) भरतात. तिथे स्थापनेचा गुणधर्म पी५७१ आहे आणि त्यात बिनसंदर्भ जुने साल बसलेले होते. विकिडाटाची रचना एकाहून जास्त मूल्ये सामावून घेते, म्हणून ते साल न पुसता त्याला क्लबच्या संकेतस्थळाचा संदर्भ जोडला. नोंदणीचे साल तिथे स्थापना म्हणून घातले नाही. भाषांतराने तयार झालेल्या लेखांत मजकूर हातानेच दुरुस्त करावा लागतो. तो आपोआप बदलत नाही.

तक्ते

हंगामवार तक्ता हा लेखाचा सर्वांत कष्टाने भरलेला आणि सर्वांत चुकीचा भाग असतो. तपासायला संदर्भाचीही गरज पडत नाही, बेरीज पुरते. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज सामन्यांइतकी यायला हवी. गुण म्हणजे विजय गुणिले तीन अधिक बरोबरी. १८ सामने, १० विजय, ५ बरोबरी, ३ पराभव असतील तर ३५ गुण. तक्त्यात तिथे २५ होते. ती चूक नव्हती: त्या हंगामात विजयाला दोनच गुण मिळत. इंग्लंडमध्ये तीन गुणांची पद्धत १९८१ साली आली, विश्वचषकात १९९४ साली. स्थानिक लीगांनी ती आपापल्या वेळी घेतली. कोणीतरी जुन्या हंगामांचे गुण तीनच्या हिशेबाने ‘दुरुस्त’ केले होते, त्यामुळे अर्धा तक्ता बरोबर आणि अर्धा बिघडलेला. ते बदल एकेक शोधून उलटवावे लागले आणि तक्त्याखाली गुणपद्धतीची टीप द्यावी लागली. अपात्र खेळाडूमुळे गुण कापले जाणे किंवा न खेळलेला सामना बहाल होणे यामुळेही बेरीज चुकते. म्हणून बेरीज जुळली नाही की आकडा लगेच बदलू नये, आधी कारण शोधावे.

विजेतेपदांच्या यादीत राखीव संघाचे आणि कुमार गटाचे चषक मुख्य संघाच्या खात्यात मांडलेले होते. ते वेगळे केले.

खेळाडूंची चालू यादी पूर्ण काढली. हौशी क्लबात ती दर महिन्याला बदलते, स्वतंत्र स्रोत नसतो आणि त्यातले काही खेळाडू अल्पवयीन होते, जन्मतारखांसह. हयात व्यक्तींविषयीचे नियम इथे सर्वांत कडक आहेत. २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नये ही मर्यादाही, हयात व्यक्तीविषयीचा बिनसंदर्भ वादग्रस्त मजकूर काढताना लागू होत नाही. जन्मतारखा काढून जुन्या आवृत्त्या लपवण्याची विनंती खासगी ईमेलने केली, चर्चा पानावर नाही. उघड विनंती म्हणजे सगळ्यांना तिकडे बोट दाखवणे. एरवी तीनची मर्यादा ही परवानगी नव्हे. दोनदाच उलटवूनही संपादनयुद्धासाठी बंदी येऊ शकते.

चित्रे

क्लबचे बोधचिन्ह कॉमन्सवर (विकिमीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवलेले होते, ते तिथून वगळले गेले. कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याची चित्रे चालतात. बोधचिन्ह इंग्रजी विकिपीडियावरच, वाजवी वापराच्या (प्रताधिकारित चित्र मर्यादित कामापुरते वापरण्याच्या) कारणमीमांसेसह आणि साधारण १ लाख पिक्सेलच्या आत लहान करून चढवावे आणि लगेच लेखात वापरावे. अशी फाइल कोणत्याही लेखात नसेल तर ७ दिवसांनी वगळली जाते. जुना संघाचा फोटो मिळाला, पण त्याचा हक्क छायाचित्रकाराचा. फोटोत उभ्या असलेल्यांचा किंवा तो स्कॅन करणाऱ्याचा नाही. सचिवाने स्वतः फोनवर काढलेला मैदानाचा फोटो मूळ आकारात, फाइलमधल्या तांत्रिक माहितीसह कॉमन्सवर चढवला, आणि तोच आज लेखात आहे. क्लबने लेखाला थेट देता येईल अशी ही सर्वांत सोपी आणि बिनवादाची गोष्ट.

सध्याची स्थिती

लेख वगळण्याची चर्चा ‘ठेवावा’ या निर्णयाने बंद झाली. माथ्यावरच्या तीनही सूचना निघाल्या. प्रत्येक सूचना काढताना कोणती अडचण कशी दूर झाली ते सारांशात नोंदवले आहे. लेख पूर्वीपेक्षा बराच लहान आहे. प्रत्येक जालीय संदर्भाला वेबॅक मशीनवरच्या प्रतीचा दुवा जोडला आहे, कारण स्थानिक दैनिकांच्या बातम्यांचे पत्ते सर्वांत आधी मरतात आणि लीगची संकेतस्थळे दर काही हंगामांनी नव्याने बांधली जातात. दुवा जिवंत असतानाच प्रत साठवावी. मेल्यावर ती मिळेलच असे नाही. हंगामाची आकडेवारी सामन्यागणिक न भरता हंगाम संपल्यावर एकदाच भरायची असे चर्चा पानावर ठरले आहे, आणि तक्त्यावर ‘या हंगामापर्यंत’ अशी नोंद आहे.

साल अजून मोकळे आहे. क्लबच्या कपाटात सभेच्या इतिवृत्तांची पहिली वही असल्याचे सचिव सांगतात. तिच्या पानाचा फोटो त्यांनी चर्चा पानावर देऊ केला, पण अप्रकाशित वहीचा हवाला देता येत नाही. वही सार्वजनिक ग्रंथालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या संग्रहात दिली, जिथे कोणीही मागून पाहू शकेल, तर ती प्रकाशित स्रोतात धरता येते. तरीही ती प्राथमिक राहते, म्हणून लेखात ‘क्लबच्या इतिवृत्तात पहिल्या सभेची तारीख अमुक आहे’ एवढेच लिहिता येईल. त्यासाठी वहीचा संग्रह क्रमांक आणि पान लागेल. चर्चा पानावरचा तो धागा याच नोंदीसह उघडा ठेवला आहे, आणि तो आपोआप जुन्या चर्चांच्या संग्रहात जाऊ नये म्हणून त्याला वरती अडकवला आहे.